तीन कॉलम पाय

टाच दुखते म्हणून गेल्या महिन्यात हाडांच्या डॉक्टरांकडे गेले होते. ठाण्यातला दवाखाना, संध्याकाळची वेळ, नंबर अकरावा. एसीचा गारठा, फिनेलचा वास आणि आवाज बंद केलेला टीव्ही. समोरच्या भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये एक मोठा काळा-पांढरा फोटो. दोन तळपाय. नुसते तळपाय. टाचेची कातडी सोलवटून वर आलेली, भेगांमध्ये माती बसलेली, अंगठ्याखाली फोड फुटून झालेला गोल खड्डा. माझ्या शेजारच्या आजी चष्मा वर-खाली करत बराच वेळ त्याकडे बघत होत्या. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "भेगांच्या मलमाची जाहिरात आहे का गं ही? नाव कुठे दिसत नाही."

मला हसू फुटलं आणि अर्ध्यातच विझलं. "नाही आजी, मोर्च्यातला फोटो आहे. नाशिकहून शेतकरी चालत आले होते ना मुंबईला, २०१८ साली, तेव्हाचा." आजींनी पुन्हा एकदा फोटो नीट पाहून घेतला. आधी मलम म्हणून पाहिला होता, आता मोर्चा म्हणून पाहिला. "बाई बाई," त्या म्हणाल्या, आणि मग अगदी सहज, शेजारणीच्या मुलाच्या नोकरीची चौकशी करावी तसं विचारलं, "मग झालं का त्यांचं काम?"

मला सांगता येईना.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर चोवीस वर्षं काढलेली बाई मी. त्या मोर्च्याची बातमी माझ्या हाताखालून गेली होती, त्याचं पहिलं पान मी लावलं होतं, त्यावरचा फोटो मी निवडला होता. आणि आजींच्या चार शब्दांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात त्यांचा नंबर आला आणि त्या काठी टेकत आत गेल्या. रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, फोटो कुणाचा? तिनं मान वर न करता सांगितलं, "सरांना आवडला, नेटवरून प्रिंट काढून आणला. पायांचं क्लिनिक आहे ना." डॉक्टरांनी मला तपासलं, सिलिकॉनची मऊ गादी लिहून दिली आणि बजावलं, घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. येताना जिन्यात मी थांबले. टाच दुखत होती म्हणून थांबले असं म्हणता आलं असतं.

भिंतीवरचा फोटो आमचा नव्हता. पण अगदी तसाच एक फोटो मी छापला होता, आणि छापण्याआधी कापला होता.

११ मार्च २०१८, रविवार, रात्रपाळी. मोर्चा सहा तारखेला नाशिकच्या सीबीएस चौकातून निघालेला. पहिले तीन-चार दिवस आमच्या मुंबईच्या अंकात त्याला आतल्या पानावर एक कॉलम मिळत होता, कधी तोही नाही. नाशिकची आवृत्ती मोठं छापत होती, पण मुंबईच्या वाचकाला नाशिकच्या रस्त्यावरच्या मोर्च्याचं काय, हा आमचा हिशेब. मुंबईच्या डेस्कवर मोर्चा ही चीज मुलुंडच्या टोलनाक्यापासून सुरू होते. त्याच्या अलीकडे ती ग्रामीण बातमी, पलीकडे आली की वाहतुकीची बातमी. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. कुठलाही मोर्चा येणार म्हटला की डेस्कवर पहिली हाक असायची, "ट्रॅफिकची चौकट घेतली का?" पर्यायी मार्ग, बंद रस्ते, कुठल्या पुलावरून जा, कुठल्या टाळा. मागण्या शेवटच्या परिच्छेदात, आणि जाहिरात आली की कात्री आधी शेवटच्या परिच्छेदावर चालते.

मग कसारा घाटाचे फोटो आले. ते आमच्या कुणी काढले नव्हते, मोबाइलवरून मोबाइलवर फिरत आले होते. घाटाच्या वळणांवरून उतरणारी लाल टोप्यांची आणि झेंड्यांची रांग, जिचं टोक दिसत नव्हतं. ज्यांनी आयुष्यात कधी शेतकऱ्यांची बातमी वाचली नाही तेही तो फोटो एकमेकांना पाठवत होते. ठाण्यापर्यंत मोर्चा आला तेव्हा वाहिन्यांच्या गाड्या त्याच्या पुढे धावायला लागल्या होत्या. माणसं तीच, मागण्याही त्याच. पाच दिवस चालल्यावर ती दिसायला लागली इतकंच.

त्या रविवारी संध्याकाळी मोर्चा शीवच्या सोमय्या मैदानावर मुक्कामाला आला. आमचा फोटोग्राफर तिकडून रात्री नऊच्या सुमारास कार्ड घेऊन आला. शंभरेक फोटो. भाकऱ्या, चुली, झोपलेली माणसं, झेंड्याच्या काठीला टेकून बसलेले म्हातारे. आणि पाय. किती तरी पाय. त्यातला एक फोटो बघून मी म्हटलं, हाच. एक बाई मैदानावर पाय पसरून बसलेली, तळवे कॅमेऱ्याकडे. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तोंड गाठ मारून बांधलेलं, आत कागद. माझ्याकडे जागा होती तीन कॉलम, आणि उंची फार नाही, कारण शेजारी एक जाहिरात ठाण मांडून बसली होती. बाई पूर्ण घेतली तर पाय बोटाएवढे दिसत होते. मी माउस धरला आणि वरून खाली कापत आणलं. आधी आकाश गेलं, मग चेहरा गेला, मग पिशवी. फोटोग्राफर माझ्या खुर्चीमागे उभा होता. "ताई, पिशवीसकट घ्या की," तो म्हणाला, "त्यात तिचे जमिनीचे कागद आहेत. पाच दिवस डोक्यावरून आणलेत तिनं." मी म्हटलं, "जागा नाही रे." आणि जागा खरंच नव्हती. फोटोओळ लिहिली, पान सोडलं. दुसऱ्या दिवशी संपादकांनी पान एकचं कौतुक केलं, ते मी आनंदानं ऐकून घेतलं.

त्या पिशवीत काय असणार, हे मला तेव्हाही ढोबळ माहीत होतं. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण या भागातून आलेली बहुतेक माणसं आदिवासी, आणि त्यांचा पहिला प्रश्न वनजमिनीचा. आजोबांपासून कसत आलेली जमीन फॉरेस्टच्या नावावर. २००६ साली वनहक्क कायदा आला, त्यात म्हटलं की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवा, चार हेक्टरपर्यंत हक्क मिळेल. दाखवा म्हणजे कागद. मग ग्रामसभेकडे दावा, तिथून प्रांताकडे, तिथून जिल्हा समितीकडे, आणि प्रत्येक पायरीवर एक नवा जोडकागद. यातली सगळ्यांत विलक्षण गोष्ट मला नंतर कळली. फॉरेस्टच्या माणसांनी पूर्वी अतिक्रमणाबद्दल दंड केल्याची पावती असेल, तर ती इथे पुरावा म्हणून चालते. ज्या कागदानं बापाला चोर ठरवलं, त्याच कागदावर मुलगा सांगतो की आम्ही तेव्हाही इथेच होतो. असा कागद घरात ठेवला तर पावसात भिजेल, उंदीर खाईल, म्हणून माणूस तो पिशवीत गाठ मारून बरोबर घेऊन फिरतो.

पण कागदाचा फोटो कसा छापायचा? १३ डिसेंबर २००५ या तारखेचा फोटो कसा काढतात? पायाचा निघतो.

पान सोडून ऑफिसच्या गाडीनं निघाले तेव्हा रात्रीचे अडीच वाजून गेले होते. आम्ही तेव्हा लालबागला राहायचो, जुन्या चाळीत. दुसऱ्या दिवशी सोमवार, दहावीचा पेपर. मोर्चा सकाळी रस्त्यावर उतरला तर मुलांची परीक्षा केंद्रं गाठताना पंचाईत होईल, म्हणून त्यांनी रात्रीच चालायचं ठरवलं, ही बातमी शेवटच्या आवृत्तीत आम्ही धावतपळत घातली होती. ट्रॅफिकची चौकटच त्यांनी आमच्या हातातून काढून घेतली होती. पण बातमी लिहिणं वेगळं आणि आंबेडकर रोडच्या कडेला गाडीतून उतरून ती समोरून येताना बघणं वेगळं. आधी आवाज आला. घोषणा फारशा नव्हत्या. हजारो चपलांचा, काठ्यांचा, कापडाचा, मधूनच खोकल्याचा आवाज. मार्च महिना म्हणजे लालबागला मसाल्याचा हंगाम, मसाला कुटणाऱ्या डंखांची धूळ रात्रीही हवेत असते, आणि नवख्या माणसाला ती घशात पकडते. दिवसभर तापलेल्या डांबराची ऊब होती, आणि त्या तिखट हवेतून खोकत, नाकाला पदर लावत माणसं पुढे चालली होती. कुणी अनवाणी, कुणी पायाला फडकं बांधून, कुणी चपला हातात घेऊन.

आई खाली उतरलेली होती. सत्तरी उलटलेली माझी आई, गुडघ्यांचं दुखणं, चाळीचा लाकडी जिना, तरी कळशी आणि स्टीलचे दोन पेले घेऊन फुटपाथवर उभी. शेजारची माणसं ग्लुकोज बिस्किटांचे पुडे वाटत होती. एका बाईनं पाणी पिता पिता विचारलं, "मैदान किती लांब आहे अजून?" आईनं खोटंच सांगितलं, "आलंच की." कुठल्या म्हणून विचारलं तर ती सुरगाण्याची निघाली. पेला परत देताना तिनं तो आतून बोटानं पुसून दिला. ते माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे.

मला बघून आईनं पहिला प्रश्न केला, "पेपरात आलंय का ह्यांचं?"

मी ऐटीत म्हटलं, "पान एकवर आहे. तीन कॉलम फोटो."

"काय आहे फोटोत?"

"पाय," मी म्हटलं.

"पाय?" आई म्हणाली. आणि पुढच्या माणसाचा पेला भरायला लागली.

आईचा तो प्रश्न साधा नव्हता, हे सांगण्यासाठी मला मागे जावं लागेल. बाबा कापडगिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणगाव थांबलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मला आठवतो तो आमच्या खोलीतला विचित्र सन्नाटा, कारण बाबा दिवसपाळीला घरी आणि भोंगा नाही. चाळीखाली एक बाकडं होतं, तिथं पेपर यायचा, आणि पंधरावीस माणसं तो वाटून वाचायची. एक पान एकाकडे, दुसरं दुसऱ्याकडे. बाबा संपाची बातमी बोटानं शोधायचे. सुरुवातीला शोधावी लागत नव्हती, मथळाच तो असायचा. डॉक्टर सामंतांचा फोटो, सभेची गर्दी, अडीच लाख कामगार. मग हळूहळू बोट आतल्या पानांवर गेलं. त्या नोव्हेंबरात दिल्लीला आशियाई खेळ सुरू झाले. देशात रंगीत टीव्ही आला. अप्पू हत्तीचं चित्र सगळीकडे, आम्हा पोरांना तर त्याचं वेडच लागलेलं. मी अप्पूचं चित्र कापून ठेवण्यासाठी बाबांकडून पान मागायला गेले. त्यांनी पान दिलं आणि बाकड्यावरच्या कुणाला तरी म्हणाले, "आज आपण पेपरात नाही."

आवाजात राग नव्हता. हजेरीत नाव नाही असं सांगावं तसा स्वर. संप त्या दिवशीही चालू होता. गिरण्या बंद होत्या, आईनं दुपारची चूल पेटवली नव्हती, गावाकडून काका पोतंभर तांदूळ घेऊन येणार होते. पण पेपरात नाही म्हटल्यावर बाकड्यावरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आपण अजून संपावर आहोत की नाही, हे जणू कुणाला तरी विचारून घ्यायला हवं. पुढे तो संप कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही. तो नुसता पेपरातून उठला.

मी या धंद्यात आले ती बहुधा त्या बाकड्यामुळे. मुलाखतीत तसं सांगितलंही होतं, आणि घेणाऱ्यांचे डोळे जरा पाणावले होते. छत्तीस वर्षांनी त्याच चाळीखाली, त्याच आईसमोर, मी सांगत होते की ह्यांचं पेपरात आलंय, पाय आलेत.

कधीकधी वाटतं, ज्यांना स्वतःचं म्हणणं नीट छापून यायला हवं होतं त्यांनी दुसऱ्याच्या पेपरची वाट पाहिलीच नाही. आमच्या लालबागहून पोयबावडीची बीआयटी चाळ पायी पंधरा मिनिटांवर. बाबासाहेब तिथं कित्येक वर्षं राहिले. महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले ते २० मार्च १९२७ ला, आणि 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला ३ एप्रिलला. मध्ये चौदा दिवस. पाणी प्यायल्यानंतर ते का प्यायलो हे दुसरं कुणी नीट सांगणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रकानेच्या रकाने स्वतः लिहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी अत्र्यांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये 'मराठा' काढला, तो तर चळवळीच्या पोटातूनच निघालेला पेपर. माझे सासरे सांगायचे, एक अंक वीस जणांच्या हातातून जायचा आणि शेवटच्या माणसाकडे पोचेपर्यंत त्याच्या घड्या फाटलेल्या असायच्या. त्या पेपरांना तटस्थ म्हणता येणार नाही. अत्र्यांचे मथळे आज आमच्या डेस्कवर एकही उपसंपादक पास करणार नाही, वकिलाला विचारल्याशिवाय तर नाहीच. पण त्यात माणूस काय मागतो आहे हे पहिल्या ओळीत असे. २०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या वेशीवर बसलेल्या पंजाबच्या शेतकऱ्यांनी 'ट्रॉली टाइम्स' नावाचं चार पानी पत्र काढलं तेव्हा मी घरी एकटीच टाळ्या वाजवल्या. वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांना तिथून हाकलून लावताना बघून मात्र पोटात गोळा आला होता. तो कॅमेरा धरणारा मुलगा कुणाच्या तरी पगारावर, कुणाच्या तरी सांगण्यावरून आलेला असतो. त्याच्या जागी मी होते चोवीस वर्षं.

आणि आमच्या हातात असलेल्या युक्त्या मला माहीत आहेत. २०११ मध्ये अण्णांचं उपोषण दिल्लीला झालं तेव्हा ऑगस्टभर रामलीला मैदानाखेरीज देशात काही घडलंच नाही, असं टीव्ही बघून वाटावं. त्याच डिसेंबरात ते मुंबईत, बीकेसीच्या एमएमआरडीए मैदानावर बसले आणि माणसं आलीच नाहीत. आमच्या फोटोग्राफरनं दोन फोटो आणले. एक जवळून घेतलेला, त्यात टोप्या एकमेकींना चिकटलेल्या, मैदान भरगच्च. दुसरा मचाणावरून, त्यात रिकाम्या सतरंज्या. दोन्ही खरे, एकाच दुपारचे. कोणता छापायचा यावर अर्धा तास चर्चा झाली, आणि त्या अर्ध्या तासात लोकपाल हा शब्द कुणी उच्चारला नाही. दुसऱ्या दिवशी उपोषण सुटलं. २०१६ च्या मराठा मूक मोर्च्यांच्या वेळी कॅमेरा आकाशात गेला. औरंगाबादचा पहिला मोर्चा आमच्या अंकांना नीट पकडताही आला नव्हता. लोकांनी तो व्हॉट्सअॅपवरच उभा केला होता, आणि बरेच दिवस त्यांचा आमच्यावरचा राग तोच होता. नंतर ड्रोन आले. वरून रस्ता दिसेना इतकी डोकी, आणि खाली न बोलता चालणारी माणसं, निवेदन वाचणाऱ्या मुली. आम्ही आकडे मोजत बसलो, लाख की दहा लाख. आणि २०१७ च्या जूनमध्ये पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तेव्हा रस्त्यावर ओतलेलं दूध दिसलं. पांढरं, वाहतं, टीव्हीसाठी बनवल्यासारखं. वाचकांची पत्रं आली, अन्नाचा असा अपमान का म्हणून. लिटरला काय भाव मिळतो असं विचारणारं पत्र माझ्या तरी हातात पडलं नाही.

वरून डोकी, खालून पाय. मधला भाग, जिथं हात असतात आणि हातात काहीतरी घट्ट धरलेलं असतं, तो आमच्या चौकटीत बसत नाही.

तरीही. हे लिहिताना मला स्वतःचा संशय येतो, कारण त्या पायांनी काम केलं होतं. १२ मार्चला सकाळी मुंबई जागी झाली तेव्हा मोर्चा आझाद मैदानावर जाऊन बसला होता. आणि शहरात जे झालं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. माणसं चपलांची खोकी घेऊन मैदानावर जात होती. डॉक्टर ड्रेसिंग करत बसले होते. भायखळ्यात पहाटे पाणी आणि खाणं घेऊन लोक उभे राहिले होते. आदल्या आठवड्यात आतल्या पानावर एक कॉलम असलेली बातमी आता मुख्यमंत्री सोडवत होते. संध्याकाळपर्यंत सरकारनं लेखी आश्वासन दिलं, वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू म्हणून, आणि परतीसाठी खास गाड्या सोडल्या. एक खासदार टीव्हीवर शहरी माओवादाचं काहीतरी बोलून गेल्या, पण ते चिकटलं नाही. फुटलेल्या फोडावर लाल टोपीचा आरोप बसत नव्हता. मी पिशवीचा फोटो छापला असता तर हे झालं असतं? वाचकानं गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी बघून पान उलटलं असतं. २०१२ मध्ये मध्य प्रदेशात, खंडवा जिल्ह्यातल्या घोगलगावला, ओंकारेश्वर धरणाचे विस्थापित सतरा दिवस पाण्यात उभे होते. तिथंही पाण्यानं कुजून कातडी सुटलेले तळपाय टीव्हीवर आले आणि सरकार हललं. पाण्याची पातळी किती मीटर आणि जमिनीच्या बदल्यात जमीन का, हे वर्षानुवर्षं सांगून जे झालं नव्हतं ते सतराव्या दिवशी झालं.

म्हणजे माणसानं आधी आपली कातडी दाखवायची, मग त्याचं म्हणणं ऐकू. आणि कातडी दाखवून झाली, चपला मिळाल्या, ड्रेसिंग झालं की बघणाऱ्याला वाटतं, चला, झालं. मलाही वाटलं होतं. मी त्या सोमवारी दुपारी झोपून उठले आणि रात्री टीव्हीवर माणसं हसत गाड्यांमध्ये चढताना बघून मला खरोखर गाढ समाधान वाटलं, एखादं चांगलं संपलेलं नाटक बघून वाटतं तसं.

सहा महिने सप्टेंबरमध्ये संपले. गणपतीचे दिवस होते, पानं जाहिरातींनी भरलेली. आमच्याकडे फॉलोअपची एक वही असते, कोणत्या तारखेला काय विचारायचं याची. त्यात ही तारीख कुणी लिहिली नव्हती. मीही नाही. पुढच्या फेब्रुवारीत तीच माणसं पुन्हा नाशिकहून निघाली. या वेळी मंत्री लवकर गेले, नाशिकपासून फार दूर न जाता मोर्चा थांबला, पुन्हा लेखी आश्वासन. २०२३ च्या मार्चमध्ये पुन्हा, दिंडोरीहून. तोवर मी डेस्क सोडलं होतं आणि आम्ही ठाण्याला आलो होतो. त्या वेळी कांद्याचे भाव पडले होते, म्हणून बातमी कांद्याची झाली. वनजमीन त्याच यादीत खाली होती. मोर्चा वाशिंदला मुक्काम करून थांबला, तिथं एका आंदोलकाचा मृत्यू झाला, बोलणी झाली, माणसं परत गेली. ठाण्याहून वाशिंद लोकलनं तासाभराचं अंतर. मी गेले नाही. पायांचे फोटो तेव्हाही आले होते, पण ते पुढे पाठवावेत असं कुणाला वाटलं नसावं. पाय तेच होते ना. आधी बघितलेले.

तर दवाखान्यातून आल्यावर चार दिवस आजींचा प्रश्न डोक्यात राहिला आणि शेवटी मी त्या फोटोग्राफरला फोन केला. आमच्या पेपरानं दोन-तीन वर्षांपूर्वी बरीच माणसं कमी केली, त्यात तोही गेला. आता लग्नांचे फोटो काढतो, बरं चाललंय म्हणाला, नवरा-नवरी निदान वेळेवर पैसे देतात. मी तो फोटो आठवतो का विचारलं. "सोमय्या मैदान? पिशवीवाली बाई? आठवते ना ताई. तुम्ही कापली होती ती." मी विचारलं, तिचं नाव, गाव काही लिहून घेतलं होतंस का. तो जरा वेळ गप्प राहिला. "अंधार पडला होता ताई. शंभर जणांचे पाय काढले असतील मी. कुणाकुणाचं नाव घेणार?"

रात्री साडेअकराला त्यानं फोटो पाठवला. अख्खा, न कापलेला. मी चष्मा शोधून आणला.

बाई हसत होती. हे माझ्या अजिबात लक्षात नव्हतं. माझ्या आठवणीत तिचा चेहरा थकलेला, डोळे मिटलेले, जसा त्या पायांच्या वर असायला हवा तसा. फोटोत ती डावीकडे वळून, फ्रेमच्या बाहेरच्या कुणाशी तरी बोलत, दात दाखवून हसत होती. एका हातात अर्धं बिस्किट. दुसरा हात मांडीवरच्या पिशवीवर, पंजा पूर्ण पसरलेला, बाळाला थोपटताना असतो तसा. पिशवीवर कुठल्याशा साडीच्या दुकानाचं नाव उलटं दिसत होतं. प्लास्टिकच्या आतून कागदाच्या घडीची कड दिसत होती, आणि तिच्यावर एक जांभळा गोल शिक्का. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. शिक्क्याच्या कडेची अक्षरं जवळ येत गेली आणि वाचता येतील असं वाटेपर्यंत त्यांचे चौकोन झाले. जांभळे, करडे चौकोन.

मी लिहिलं, "मोठ्या साइझचा मूळ फोटो आहे का रे? शिक्का वाचायचाय."

त्याचं उत्तर आलं, "जुन्या हार्ड डिस्कवर असेल ताई. रविवारी लग्न आहे, ते झालं की बघतो."